बालऋण

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन माणूस जन्माला येतो, असे आपली परंपरा सांगते. तिन्हींत देणे लागतो तो मागून आलेला, आणि येणे असते ते पूर्वीच्यांचे. थोरांनीही धाकट्यांचे काही देणे लागावे, अशी कल्पना त्यात नाही. २०२० साली आलेल्या कोरोनाच्या साथीने हा हिशेब उलटा केला.

त्या साथीत जिवाचा धोका वयाबरोबर वाढत होता. तीन-चार वर्षांच्या मुलांना तो फार कमी होता. तरीही मार्च २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या; मुलांच्या काळजीने, आणि त्याहून अधिक घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या काळजीने. ती काळजी अनाठायी नव्हती. आजी-आजोबांचा जीव वाचवणे योग्यच होते. प्रश्न निराळा आहे. ज्याला विचारले नाही आणि विचारून कळलेही नसते, त्याच्याकडून घेतलेले आपण देणे लागतो की नाही?

घेतले तरी काय? अंगणवाडीत मूल गाणी म्हणते, मणी ओवते, खाऊ खाते, एवढेच आपल्याला दिसते. पण तिथेच ते आपली पाळी येईपर्यंत थांबायला, आई समोर नसताना रडू आवरायला, भांडून पुन्हा खेळायला शिकते. आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट घडते. मराठी घरातले पोर कन्नड घरातल्या पोराशेजारी बसते आणि ‘बा’, ‘कोडु’, ‘बेडा’ हे शब्द कोणी न शिकवता उचलते. पुढे ती भाषा परीक्षेचा विषय होते, वादाचाही होते. त्या वयात ती केवळ सवंगड्याची असते. घरात कोंडलेल्या मुलाला ती कोणी द्यायची? प, ब, म हे उच्चार मूल ओठांकडे पाहूनही शिकते. बाहेर भेटणाऱ्यांचे ओठ मास्कने झाकले होते.

कर्नाटकात मद्याची दुकाने ४ मे २०२० रोजी उघडली. अंगणवाड्या उघडू लागल्या त्या ८ नोव्हेंबर २०२१ पासून. प्रत्येक निर्णयामागे कारणे असतील. पण ज्यांच्याकडून महसूल नाही आणि ज्यांना मत नाही, ते रांगेत शेवटी उभे राहिले, हेही खरे.

यावर कोणी ‘असर’च्या पाहणीकडे बोट दाखवील. ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आली. २०२४ ची ही मुले साथ आली तेव्हा साधारण चार वर्षांची होती. म्हणजे नुकसान भरून निघाले? प्राथमिक शिक्षकांचे श्रेय मी नाकारत नाही. परंतु चारांतील जवळजवळ तिघे अजूनही वाचू शकत नाहीत. शिवाय थांबणे, वाटून घेणे, अनोळखी मुलाशी बोलणे या पाहणीत मोजले जात नाही. आणि सावकार पुन्हा उभा राहिला म्हणून त्याचे कर्ज बुडते काय?

फेड मात्र ज्या नाण्यात घेतले त्याच नाण्यात व्हावी. बुडालेला अभ्यास भरून काढायचा म्हणून चार वर्षांच्या मुलालाही शिकवणीला बसवणारे पालक मी पाहतो. ही फेड नव्हे, दुसरी वसुली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला काम केले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली. त्यांनी आधी मुलाची सोय पाहिली. आपण निदान खेळाचा तास गणिताला देऊ नये. शेजारच्या कन्नड घरातली मुले आपल्या अंगणात येऊ द्यावीत, आपली त्यांच्याकडे धाडावीत.

आणखी काही वर्षांत ही मुले हायस्कुलात येतील. काही माझ्या निवृत्तीनंतर. सहकाऱ्यांना मी एवढेच सांगतो, एखादा मुलगा घुमा वाटला, एखादी मुलगी चटकन रडली, तर प्रगतिपुस्तकात शेरा लिहिण्यापूर्वी तिची जन्मतारीख पाहा.