‘पाणी’ सापडलं, ‘पाण्याचं’ राहिलं

जवळा बाजारसारख्या गावात राहून पीएच.डी. करायची म्हणजे वाचन बहुतेक पडद्यावरच. विद्यापीठ नांदेडला, ग्रंथालयासाठी रोज एसटीनं जाणं काही होत नाही. मग ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावरचे प्रबंध उतरवून घेतले जातात, ग्रंथालयात गेल्यावर पानांचे फोटो काढून आणले जातात, सर व्हॉट्सॲपवर एखादी पीडीएफ टाकतात. साठा होतो. प्रकरण लिहायला बसलं, की ‘डॉक्युमेंट ३’ मध्ये काय होतं ते काही केल्या आठवत नाही.

त्यासाठी झोटेरोसारखं फुकट सॉफ्टवेअर आहे. लेखक, वर्ष, प्रकाशक यांची नोंद ठेवतं, पीडीएफ तिला जोडतं, शेवटी संदर्भसूचीही करून देतं. जरूर वापरावं. फक्त मराठीत काम करणाऱ्यानं त्यातल्या ‘सर्च’वर फार विसंबू नये. समजा, विषय मराठवाड्यातल्या सिंचनाचा आहे. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाणीपट्टी’ सापडेल, ‘पाण्याचा उपसा’ सापडणार नाही. यंत्र अक्षरं जुळवतं आणि आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचं रूपच पालटतं. ‘शेतकरी’ शोधताना ‘शेतकऱ्यांचे’ सगळे प्रश्न गळतात. (शेतकऱ्यांना तशी याची सवय आहे.) प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेला असेल, तर पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते आणि कॉपी केली की भलतीच चिन्हं उमटतात. स्कॅन केलेलं पान तर यंत्राच्या लेखी नुसतं चित्र.

यावरचा उपाय संगणकाच्या आधीचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला खंड निघायला १९७६ साल उजाडलं. चिठ्ठीच्या माथ्यावर मूळ शब्द, खाली ग्रंथातलं वचन आणि त्याचा ठावठिकाणा. ग्रंथात शब्द कुठल्याही रूपात येवो, माथ्यावर मूळ शब्दच. संस्कृतातली रूपं म्हणजे विचारायलाच नको! वाक्य कळल्याखेरीज चिठ्ठी लिहिताच येत नव्हती.

झोटेरोतला ‘टॅग’ ही चिठ्ठीच्या माथ्याचीच जागा. ‘पाणी’, ‘जमीनधारणा’, ‘सावकारी’ असे शब्द एकदा ठरवून घ्यावेत आणि तेच वापरावेत. सोबतच्या टिपणात पान क्रमांक आणि हे कशासाठी घेतलं याचं एक वाक्य, आपल्या भाषेत, युनिकोडमध्ये. काम कंटाळवाणं आहे खरं. मजकूर जसाच्या तसा चिकटवणं कितीतरी सोपं. पण ते एक वाक्य लिहायला गेलं, की पुष्कळदा कळतं, परिच्छेद आपल्याला समजलेलाच नाही. मग पुन्हा वाचावा लागतो, आणि त्या दुसऱ्या वाचनातच प्रबंधात घालण्याजोगं काही हाती लागतं.

फोटो काढलेल्या पानांचं हे काम तर ग्रंथालयातच उरकलेलं बरं. परतीच्या एसटीत वसमत येईस्तोवर कुठलं पान कशासाठी टिपलं होतं, याचा गोंधळ सुरू झालेला असतो.