युवा संघाचे अंगत्व

मोठ्या व्यावसायिक संघाला खेळाडू पुरवण्यासाठीच जो संघ उभा केला जातो, त्यात घाम गाळणाऱ्या तरुणाच्या श्रमांना स्वतःचे मूल्य असते की ते सर्वस्वी वरच्या संघाकडून उसने येते, हा प्रश्न वरकरणी क्रीडाव्यवस्थापनाचा वाटला, तरी त्याचे मूळ साधन आणि साध्य यांच्या संबंधाविषयीच्या जुन्या तात्त्विक चर्चेत आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये २००१ पासून अशी विकास लीग चालते. डॅलस मॅव्हरिक्सने २०१५ मध्ये निवडलेला पंजाबचा सतनाम सिंग तिच्यातल्या टेक्सस लेजंड्स या संलग्न संघाकडून खेळला. मुख्य लीगचा एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही.

महाराष्ट्रात या रचनेचे सर्वांत जवळचे रूप कबड्डीत आढळते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा आणि पुणेरी पलटण या संघांच्या छायेत युवा मुंबा आणि युवा पलटण हे युवा संघ घडले, आणि मुंबई व पुणे या दोन शहरांच्या मधल्या वाटेवरच्या रायगड जिल्ह्यात कबड्डी हा गावोगावचा खेळ आहे. ग्रामदैवताच्या किंवा मारुतीच्या नावाने मातीच्या मैदानावर उतरणारा गावचा संघ दुसऱ्या कोणासाठी नसतो. त्याचा जय हा गावाचा जय असतो आणि तेवढ्यावर तो पूर्ण होतो. युवा संघाचे तसे नाही. तिथे कोपरारक्षकाला मातीची सवय सोडून मॅटवर पाय रोवायला शिकावे लागते. तीस सेकंदांच्या चढाईत समोरचा गडी निदानरेषा ओलांडून बोनस रेषेकडे पाय टाकतो, त्या पायावर त्याचा भार पडेपर्यंत हात आखडून धरायचा आणि मग घोट्याला झेपावायचे, ही एकच हालचाल त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली जाते, कारण ती कदाचित पुढे कधीतरी वरच्या संघाला लागणार असते.

पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक कर्मकांडाच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र, अशा संबंधाला अंगांगिभाव म्हणते. जे दुसऱ्यासाठी असते ते अंग किंवा शेष, आणि ज्याच्यासाठी असते ते अंगी किंवा प्रधान. दर्शपूर्णमास यागात प्रयाज नावाच्या आहुती मुख्य आहुतीपूर्वी दिल्या जातात. त्यांचे फळ वेगळे मोजले जात नाही, त्या प्रधान यागाला उपकारक ठरतात एवढेच, आणि प्रधान कर्म झालेच नाही तर त्यांचे करणेही वाया जाते. युवा संघातला खेळ हा प्रयाजासारखा मानला, तर निवड न झालेल्या मुलाची सारी वर्षे व्यर्थ गेली असेच म्हणावे लागेल, आणि निवडीची यादी लागल्यावर घरोघरी नेमके हेच म्हटले जाते. परंतु मीमांसकांनी अंगांचा आणखी एक प्रकार सांगितला आहे: यागासाठी भात कांडणे हा संस्कार आहे, म्हणजे द्रव्यात पालट घडवणारी क्रिया, आणि तो पालट त्या द्रव्यातच राहतो. कोपरारक्षकाच्या हाताला आलेला संयम या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो संघाच्या मालकीचा नसतो, करार संपला म्हणून काढून घेता येत नाही.

तरीही हे उत्तर अपुरेच आहे, कारण कांडलेला तांदूळ शेवटी यागातच खर्ची पडतो, आणि माणसाला तांदळाप्रमाणे खर्ची घालता येत नाही. इथे मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी याचे विवेचन फार मोलाचे ठरते. बादरी या आचार्याने द्रव्य, गुण आणि संस्कार एवढ्यांनाच शेष मानले होते. जैमिनी त्यापुढे जाऊन सांगतो की कर्मही फळासाठी असल्याने शेष आहे, फळ पुरुषासाठी असल्याने शेष आहे, आणि पुरुषही कर्मासाठी असल्याने शेष आहे. या मालिकेत अखेरचे टोक असे कोणतेच नाही. पुरुष कर्माला वाहिला जातो खरा, पण कर्माचे फळ फिरून त्याच्याकडेच यायचे असते. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांटने १७८५ मध्ये मांडले, तेव्हा त्याचा भर मनुष्याच्या प्रतिष्ठेवर होता. जैमिनीची मांडणी यज्ञापुरती असली, तरी साधन होण्यात कमीपणा न मानता फळाचा मार्ग कुठे जातो हे ती विचारते, आणि खेळाच्या बाबतीत तो प्रश्न अधिक नेमका आहे.

अस्लम इनामदार नव्या युवा खेळाडूंच्या गटातून पुणेरी पलटणमध्ये आला आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली त्या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा कर्म, फळ आणि पुरुष यांची साखळी पूर्ण जुळली. परंतु ज्यांची नावे यादीत येत नाहीत, त्यांच्याबाबतीत ती मध्येच तुटते, आणि अशा वेळी त्यांना फलेच्छा सोडण्याचा उपदेश करणे हा गीतेचा सरळसरळ दुरुपयोग आहे. कारण निष्कामता हे कर्त्याने स्वतः स्वीकारायचे व्रत असून, फळ स्वतःकडे ठेवणाऱ्याला ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार नाही. दुखापत झालेल्या गुडघ्याचा उपचार, मागे पडलेले शिक्षण पुरे करण्याची सोय आणि निवड होणार नाही हे वेळेवर व स्पष्ट सांगणे, या गोष्टी संघाने उपकार म्हणून नव्हे, तर त्या तरुणाकडून घेतलेल्या कर्माचे देणे म्हणून द्यायच्या असतात, आणि त्या करारात लिहिलेल्या असाव्यात, कारण अठरा वर्षांच्या मुलाला त्या मागून घेता येत नाहीत.