वाळूतील खोप

(शास्त्रपाठ : यशया 1:8; प्रेषितांची कृत्ये 28:1-10)



यशया संदेष्ट्याने उजाड झालेल्या सीयोनेस काकडीच्या बागेतील खोपीची उपमा दिली आहे. हा दाखला आपल्या परभणी जिल्ह्यातील लोकांस फोडून सांगावयास नको. पावसाळा सरला व गोदावरीचे, म्हणजे आपल्या बोलीत गंगेचे, पाणी ओसरले, की जेथे वाळू उघडी पडते तेथे टरबूज, खरबूज व काकडीचे वेल लावितात. आणि राखणीकरिता तुराट्यांचा कूड व उसाच्या पाचटाचे छप्पर करून खोप उभारितात. पीक निघाले की खोप ओस पडते, व पहिल्या पुराबरोबर वाहून जाते.

अशा एका खोपीत आम्हांस एक रात्र काढावी लागली. सन 2014 च्या मार्च महिन्यात मराठवाड्यात गारपीट झाली, ती आपण विसरला नसाल. त्या दिवसांत एके सायंकाळी आम्ही व आमचे वृद्ध उपदेशक गंगाखेडाकडे नदीकाठच्या पाऊलवाटेने पायी येत होतो. आभाळ फुटले आणि गारा पडू लागल्या. दूर एक दिवा दिसला, तिकडे धावलो. दारापाशी थबकून आम्ही आपली ओळख सांगू लागलो, तो आतून राखणदार म्हणाला, “आधी आत या, नाव-गाव मागून सांगा.”

खोप चार माणसांसही अपुरी. त्यात तो, त्याची कारभारीण, दोन लेकरे व आम्ही दोघे. त्याने पऱ्हाट्यांचा जाळ केला, कोरडी घोंगडी आम्हांस दिली व स्वतः पोते पांघरून बसला. बाईने भाकर व मिरचीचा ठेचा पुढे ठेविला. रात्रभर छप्पर गळत होते. पहाटे बाहेर पाहतो तो वेल चेचलेले, फळे फुटलेली! त्याच्या साऱ्या हंगामाचे श्रम मातीस मिळाले होते. तरीही निरोप देताना त्याने एक अभंग राहिलेले टरबूज शोधून आमच्या हाती ठेविले.

प्रियजनहो, वाटेत आमच्याने बोलवेना. कारण त्याच हिवाळ्यात उसतोडीस निघालेले एक कुटुंब तान्ह्या लेकरासह आमच्या प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर रात्रीपुरती जागा मागावयास आले होते. आम्ही त्यांचे गाव विचारिले, जात विचारिली, सतरंज्या मळतील असा विचार केला, आणि कुलूप तसेच राहू दिले. किल्ली दुसऱ्या कोणापाशी नव्हती. आमच्याच खिशात होती. संदेष्ट्याची उपमा वाळूतील त्या खोपीस लागू नव्हती. ओस होते ते आमचे पक्क्या भिंतींचे मंदिर.

पौलाचे तारू फुटले तेव्हा त्यावर 276 माणसे होती. ती भिजलेली, गारठलेली मिलिता बेटाच्या, म्हणजे आजच्या माल्टाच्या, किनाऱ्यास लागली. तेथील रहिवाशांनी सुवार्ता ऐकिली नव्हती. तथापि त्यांनी पावसात व थंडीत जाळ करून सर्वांस जवळ घेतले. पौलानेही हात आखडला नाही; त्याने स्वतः काटक्या गोळा करून आणिल्या. देवाची दया पुष्कळदा आपल्या आधीच दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलेली असते. ती तेथे पाहून आपण लज्जित व्हावे, आणि आपलीही काटकी त्या जाळात घालावी.

इस्राएल लोकांस वर्षातून सात दिवस मांडवांत राहण्याची आज्ञा होती. पक्क्या घरांत स्थिर झाल्यावर आपण एके काळी वाटसरू होतो याचा विसर पडू नये, म्हणून ती आज्ञा. आपलेही पूर्वज गावकुसाबाहेर पाचटाखाली निजले आहेत. ज्यांस कोणी ओसरीवर चढू देत नव्हते, त्यांच्या लेकरांनी ओसरीस कुलूप लावावे काय?

यास्तव उपदेशक बंधूंनो, आश्विन-कार्तिकात बैलगाड्या व ट्रॅक्टर उसाच्या फडांकडे निघतात, तेव्हा मंदिराची ओसरी झाडून ठेवा. पाण्याचा एक रांजण, दोन चटया व एक कंदील पुरे. कोणी आले, तर आधी आत घ्या. नाव-गाव मागून विचारा. आमच्या मंदिराची किल्ली आता आमच्या खिशात नाही. ती ओसरीच्या खुंटीवर असते. ते कुटुंब मात्र पुन्हा त्या वाटेने आले नाही. प्रभू आम्हांस क्षमा करो. आमेन.