नावाड्याचं देणं

गोव्यात पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि पलीकडे तेरेखोलला लागते. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. डोक्यावर मासळीची पाटी असो की खांद्यावर तांदळाची पिशवी, वजन कोणी करत नाही. ह्याच तालुक्यात, मोपाच्या पठारावर, ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं ये-जा करू लागली, आणि तिथे मात्र प्रत्येक बॅग काट्यावर चढते. देशांतर्गत प्रवासाच्या साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या पंधरा किलो सामान विमानाच्या पोटात आणि सात किलो हातात नेऊ देतात. त्यावर गेलं की किलोमागे पैसे.

चतुर्थी आटोपून परतणारी कुटुंबं काउंटरसमोर बॅगा उघडून बसतात. उकडे तांदूळ, सोलां, काजूगर, आईने तोंडाला फडकं बांधून दिलेली लोणच्याची बरणी. सुनेच्या बॅगेतलं सासऱ्याच्या बॅगेत जातं. दोन जाड कपडे एकावर एक अंगात चढतात. सुकं खोबरं बाहेर काढावं लागतं, कारण त्यातलं तेल पेट घेतं म्हणून ते विमानात चालतच नाही. एवढी सगळी उलथापालथ करूनही काटा अठरा दाखवतो. मागची रांग खोळंबलेली असते, विमानाची वेळ जवळ येत असते. मग मुकाट्याने कार्ड पुढे केलं जातं.

ह्यात अन्याय कुठे आहे? वजनाचे पैसे घेण्यात तो नाही, हे आधी मान्य करायला हवं. वजन वाढलं की इंधन जास्त जळतं, आणि खांद्याला एकच पिशवी लावून निघालेल्या माणसाने शेजाऱ्याच्या चार बॅगांचा भार सोसावा, असा धर्म कोणी सांगितलेला नाही. विमानाची नुसती सीट स्वस्त झाली म्हणूनच गोव्यातल्याच डिचोली तालुक्यातली कितीतरी मुलं नोकरीच्या मुलाखतीला विमानाने जाऊ शकली. शिवाय फेरीबोट सरकारी खर्चाने चालते. २०२३ च्या अखेरीस तिच्यावर दुचाकीला तिकीट लावायचं ठरत होतं, तेव्हा बेटांवरच्या लोकांनी विरोध केला आणि सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. विमान कंपनीकडून असल्या औदार्याची अपेक्षा धरणं योग्य नव्हे.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जो माणूस दुसऱ्याला पैलतीरी न्यायचं पत्करतो, त्याचं देणं नेमकं किती?

हा प्रश्न जुना आहे, आणि त्याची उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी तपशीलवार दिलेली आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक सबंध प्रकरण आहे. त्यात उताराचे दर ओझ्याप्रमाणे ठरलेले आहेत: थोडं सामान घेतलेल्या माणसाला एक माषक, डोक्यावर किंवा पाठीवर मोठं ओझं असेल तर दोन, उंट किंवा म्हैस असेल तर चार. म्हणजे सामानाचं शुल्क हे आपल्याकडे दोन हजार वर्षांपासूनचं आहे. पण त्याच प्रकरणात लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती स्त्रिया ह्यांना फुकट पार करावं असं सांगितलं आहे (ब्राह्मण आणि संन्यासीही त्या यादीत आहेत). आणि एक फार महत्त्वाचं कलम आहे: माणसं किंवा साधनं अपुरी असल्यामुळे, किंवा दुरुस्ती न केल्यामुळे नाव बुडाली, तर गेलेल्या मालाची भरपाई नावाध्यक्षाने करायची.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही असाच नियम आहे. नावाड्यांच्या चुकीने नावेतलं काही खराब झालं, तर नावाड्यांनी आपापल्या वाट्याप्रमाणे वर्गणी काढून ते भरून द्यावं. दैवाने आपत्ती आली तर त्यांना दोष नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, आणि तो जाळण्याची कारणं ह्या उताराच्या श्लोकांतही सापडतात: स्त्रीचा दर तिथे जनावराच्या रांगेत बसवलेला आहे. तरीही दैव आणि चूक ह्यांच्यात रेघ ओढणारा तो नियम खरा आहे, आणि आजचे विमानप्रवासाचे नियम त्याच रेघेवर उभे आहेत.

नदी ओलांडण्याला डिचोलीत निव्वळ वाहतुकीचा अर्थ कधीच नव्हता. तिथल्या नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट दिवाडी बेटावर जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाडलं, तेव्हा देवाचं लिंग हेच पाणी ओलांडून डिचोली महालात आलं. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याला देऊळ उभारलं. ज्यांनी ते लिंग नेलं त्यांच्या हवाली एका समाजाचं सर्वस्व होतं. विमानाचा प्रवासी असाच हवाली होतो. दार बंद झाल्यावर त्याला उतरता येत नाही, दुसरीकडे गिऱ्हाईक म्हणून जाता येत नाही, आणि पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१३ साली सीट निवडणं, खाणं, सामान, वाद्यं अशा एकेका सेवेचे वेगळे पैसे घ्यायची मुभा कंपन्यांना दिली, तेव्हा पिण्याचं पाणी तेवढं त्यातून वगळलं. पाणपोईची ओळख असलेल्या देशात हे व्हायलाच हवं होतं. पण तहान भागवण्याचं कर्तव्य मान्य असेल, तर हवाली झालेल्या माणसाविषयीची बाकीची कर्तव्यंही मान्य व्हायला हवीत.

तिथेच पारडं एका बाजूला झुकतं. २०१६ साली डीजीसीएने पंधरा ते वीस किलोंमधल्या जादा सामानाला किलोमागे शंभर रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ साली ती मर्यादा रद्द झाली. आज दर त्याच्या कित्येक पट आहेत. उलट बाजूला मर्यादा शाबूत आहे: देशांतर्गत प्रवासात कंपनीने बॅग हरवली, तर भरपाई जास्तीत जास्त वीस हजार रुपये. बॅगेत लग्नाचे शालू होते की जुने टॉवेल, हा प्रश्नच नाही. वेळेवर न कळवता उड्डाण रद्द केलं, तर प्रवासाच्या कालावधीप्रमाणे पाच ते दहा हजार रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, ह्यांपैकी जे कमी असेल ते. प्रवाशाचा प्रत्येक किलो पुरा मोजायचा आणि आपली चूक मोजायची वेळ आली की कमीत कमी आकडा धरायचा, अशी ही व्यवस्था आहे.

वेगवेगळ्या धर्मांनी ज्याला स्पष्ट शब्दांत पाप म्हटलं, ते हेच. बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक पिशवीत दोन वेगवेगळी वजनं बाळगायला मनाई करतं. कुराणातली त्र्याऐंशीवी सुरा, अल्-मुतफ्फिफीन, सुरू होते तीच घेताना पुरं माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या माणसांच्या निषेधाने. दोन्हीकडे आक्षेप महागाईवर नाही. माप बदलण्यावर आहे.

माप बदललं की माणसाचं काय होतं, ते १४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीला निघालेल्या इंडिगोच्या प्रवाशांनी सोसलं. धुक्यामुळे विमान मुंबईला वळवलं गेलं. तासन्‌तास ताटकळलेले लोक धावपट्टीलगतच्या मोकळ्या जागेत, विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. धुकं हे दैव. पण भुकेल्या माणसांना टर्मिनलमध्ये न नेणं हे दैव नव्हतं. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ह्याच कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम बरेच आधी जाहीर झालेले होते, तरी त्यांना पुरेल इतकं मनुष्यबळ उभं केलेलं नव्हतं. अपुऱ्या माणसांनिशी सोडलेली नाव म्हणजे काय, ह्याचं इतकं नेमकं उदाहरण कौटिल्यालाही मिळालं नसतं.

दुबळ्यांच्या बाबतीत तर हिशेब आणखी वाईट आहे. २०२२ च्या मे महिन्यात रांचीला एका अपंग मुलाला विमानात चढू दिलं नाही म्हणून इंडिगोला पाच लाखांचा दंड झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईला व्हीलचेअर न मिळालेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ चालता चालता कोसळले आणि वारले. एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला. म्हातारी आणि आजारी माणसं फुकट पार करावीत हा नियम ज्या भूमीत लिहिला गेला, तिथे पूर्ण भाडं भरलेल्या वृद्धाला चाकाची खुर्ची मिळू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

दंड झाले, हे बरं झालं. जमिनीवरच्या त्या जेवणाबद्दल इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड ठोठावला गेला, मुंबई विमानतळालाही नव्वद लाखांचा. पण दंड सरकारी तिजोरीत भरला जातो. मनूच्या नावाड्याने भरपाई द्यायची होती ती ज्याचा माल गेला त्याला, राजाला नव्हे. जमिनीवर बसून जेवलेल्या माणसाला आपला हक्क हवा असेल, तर त्याने ग्राहक आयोगाकडे अर्ज करायचा, बोर्डिंग पास जपून ठेवायचा आणि तारखा घ्यायच्या. ह्याला दुसरा मार्ग आहे, आणि तो अवघड नाही. अशा प्रत्येक प्रकरणात दंडाचा ठरावीक वाटा त्या उड्डाणातल्या प्रवाशांना थेट मिळावा, असा नियम करता येईल. त्यांची नावं, सीटचे क्रमांक, फोन नंबर आणि ज्या खात्यातून पैसे आले ते खातं, सगळं कंपनीकडे नोंदलेलं असतं. त्यांच्या बॅगांचं वजनसुद्धा.