तिथी सांगून येणारं पाणी

रोह्याला लागून असलेलं वरसे आता गाव कमी आणि वस्ती जास्त झालंय. धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिच्यामागून नोकरदार आले, खाचरं बुजली, इमारती चढल्या. दादू आणि विनू मात्र इथलेच, एका पाटीवर लिहायला शिकलेले. विनूने धाटावच्या कारखान्यात उभी हयात काढली. दादूचं किराणा दुकान. शिवाय पेणच्या खारेपाटात त्याची थोडी भातजमीन होती, आईच्या वाट्याची, मामांनी आपण होऊन दिलेली.

त्या जमिनीने दादूला वैताग आणला होता. मागच्या पावसाळ्यात उधाणाच्या रात्री खाडीच्या बांधाला खांड गेली आणि शेतात समुद्र शिरला. तेव्हापासून दर भरतीला खारं पाणी आत, ओहोटीला बाहेर. कडेला तिवरांची रोपं डोकावू लागली. एकदा तिवरं माजली की जमीन शेतीतून गेलीच म्हणायची, कारण तिवरं तोडायला कायद्याची बंदी आहे. समुद्रकिनारा सांभाळणाऱ्या झाडांना असं संरक्षण हवंच. म्हणूनच जे काय करायचं ते तिवरं रुजण्याआधी करावं लागतं. खारेपाटातल्या गावकीने ठरवलं होतं, माघातल्या भांगात, म्हणजे पाण्याला जोर नसतो त्या दिवसांत, खांड बुजवायची. मामेभावाचे दोन फोन येऊन गेले. दादूने उचलले नाहीत.

त्याच्या डोक्यात दुसरंच होतं. एका जमीन दलालाने त्याला रंगीत चित्रं दाखवली होती. नाशिकला द्राक्षमळ्यांच्या मधोमध प्लॉट, शेजारी वाईनरी, शनिवार-रविवारी मुंबईची गिऱ्हाइकं, तंबू टाकले तरी पैसा. "खारी जमीन विका आणि गोड जमीन घ्या," दलाल म्हणाला. हे वाक्य दादूला फार आवडलं. तो ते दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागला.

विनूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जमीन बघितल्याशिवाय विसार देऊ नकोस. माझी गाडी आहे. किनाऱ्याने जाऊ, मुंबई करू, नाशिक बघू. चार दिवस दुकान पोरगा बघेल."

विकू नकोस, असं तो म्हणाला नाही. मला विनूचं हे वागणं मोलाचं वाटतं. निर्णयाच्या तोंडावर आलेल्या माणसाला चार शब्द सुनावणारे गावात पुष्कळ असतात. त्याच्या शेजारी बसून, जिथे जायचं म्हणतोय तिथवर जाणारा एखादाच.

माघ शुद्ध पंचमीला पहाटे दोघे निघाले. चणेरामार्गे साळावचा रस्ता धरला. कुंडलिका कुठे दिसे, कुठे आड होई. रोह्याच्या पुलावरून रोज दिसणारी ही नदी साळावला इतकी रुंद होते की ओळखू येत नाही. पूल ओलांडून रेवदंडा, मग नागाव, माडा-पोफळीच्या वाड्या, आणि साडेनऊच्या सुमाराला अलिबाग. ओहोटी लागली होती. घोडागाड्या माणसं भरून ओल्या वाळूतून कुलाबा किल्ल्याकडे चालल्या होत्या. दादू आधी चहावर, मग पांढऱ्या कांद्याच्या माळांवर रेंगाळला. माळ विणणाऱ्या बाईला त्याने विचारलं, हा कांदा आमच्याकडे लावला तर? ती न थांबता म्हणाली, "लावा ना. पण ही गोडी हितल्या मातीची हाय."

पुढे पोयनाडकडे फुटणारा रस्ता दिसला तसा विनूने गाडी हळू केली. "चरी इकडेच ना रे?"

"हो," दादू म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहिला. चरीच्या संपाच्या गोष्टी त्याने आजीकडून ऐकल्या होत्या. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पाठीमागे कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं, ते १९३९ पर्यंत. सहा वर्षं शेतात नांगर नाही, घरात भात नाही. रानातली लाकडं विकून पोटं भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, खोती रद्द व्हावी म्हणून त्यांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं. अशा झुंजीमधून कुळांचे हक्क कायद्यात आले, आणि पुढे दादूच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर चढलं.

विनूने पुढे काही विचारलं नाही. गाडी मांडव्याकडे घेतली.

मांडव्याच्या धक्क्यावर रो-रोची वाट बघताना दादूने घड्याळ पाहिलं. "पावणेचारला पाणी पुरतं भरेल."

"फोनमध्ये बघितलंस?"

"छे. आज पंचमी. तिथीची पाऊणपट करायची. पाचाची पाऊणपट पावणेचार. आजोबांनी शिकवलंय."

पावणेचारला पाणी धक्क्याच्या दगडांना भिडलं आणि जणू कुणी थांबवल्यासारखं थांबलं. विनू त्या पाण्याकडे आणि दादूकडे आळीपाळीने बघत राहिला. जन्मभराचा मित्र, पण ही विद्या त्याच्याकडे आहे हे विनूला ठाऊक नव्हतं.

गाडी बोटीच्या पोटात घालून दोघे वर बसले. तासाभरात भाऊचा धक्का. मुंबईत रात्र काढली, दुसऱ्या दिवशी कसारा घाट चढून नाशिक. गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाईनरीच्या गच्चीवर ते बसले, तेव्हा खाली हिरव्या ओळी पार टेकडीपर्यंत गेल्या होत्या. दादू हरखला. आणि हरखावं असंच ते आहे. नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांचं नाव जुनं. वाईनला इथे नाव मिळालं ते राजीव सामंतांनी अमेरिकेतली नोकरी सोडून वेली लावल्या, २००० साली पहिली बाटली निघाली आणि २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्यानंतर. पाव शतकात माणसांनी एका खोऱ्याची ओळख बदलून दाखवली, ही लहान गोष्ट नव्हे.

दलालाचा प्लॉट दिंडोरीकडे होता. दलालाचा माणूस उशिरा येणार होता, म्हणून दोघे शेजारच्या बागेत शिरले. साठीचे एक बागायतदार वेलीखाली वाकून घड बघत होते. पाहुणे कोकणातले म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांनी काळसर, बारीक मण्यांचा घड पुढे केला. शिराझ. जाड सालीचं, बियांचं, खायला फारसं सुखाचं नाही, पण गोड. खिशातून दुर्बिणीसारखी नळी काढली, मणी चिरडून एक थेंब तिच्या काचेवर सोडला आणि दादूच्या हातात दिली. "उन्हाकडे धरा. निळं जिथं संपतं तिथला आकडा वाचा."

"बावीस."

"अजून थोडी साखर भरू द्यायची. वाईनरीचा माणूस असाच थेंब बघतो आणि तोडणीची तारीख देतो. त्याआधी तोडता येत नाही."

"गोड जमीन आहे तुमची," दादू म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वेलीच्या बुडाशी बसले. बोटाने माती बाजूला केली. खोडावर वीतभर उंचीला गाठ होती, सुजलेल्या मनगटासारखी. "ह्या गाठीच्या वर शिराझ. खाली डॉगरीज, रानटी खुंट. माझ्या वडलांच्या वेली स्वतःच्या मुळावर होत्या. पुढं बोअरचं पाणी खारटलं, पानं कडेनं करपायला लागली, बाग बसली. नव्वदच्या पुढं आम्ही डॉगरीजवर कलमं भरली, कारण ते क्षार सोसतं. गोड वर लागतं हो. पण खालचं खाऱ्यातच उभं आहे."

मग ते आपली शेती सांगत गेले. इथे थंडी एवढी पडत नाही की वेल आपोआप झोपी जावी. म्हणून वर्षातून दोनदा कात्री: एप्रिलला खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून, ऑक्टोबरला दुसरी, घड निघावा म्हणून. दोन छाटण्या आणि पीक एकच. रोगांची भीती वेगळी: फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी, ढग राहिले की भुरी. औषधांची उधारी दुकानात, सोसायटीचं कर्ज वेगळं. "२०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या. माझी तोडणी तोंडावर आलेली. पाव तासात वेलींना नुसते दांडे राहिले."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमची जमीन आहे का तिकडं?"

"आहे. खारी आहे. बांध फुटलाय."

"कोण बांधतं बांध?"

"गाव. उधाणाच्या आधी भांग असतो, अष्टमी-नवमीला. पाण्याला जोर नसतो, तेव्हा खांड बुजवायची."

"म्हणजे पाणी कधी येणार ते माहिती असतं?"

"तिथीवर असतं. तासासकट."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, तुमचं संकट तिथी सांगून येतं, आणि आडवं व्हायला अख्खं गाव येतं. माझ्यावर गारा येतात तेव्हा मी आणि मालकीण, दोघंच बांधावर उभे असतो."

दलालाचा माणूस आला. प्लॉट दाखवला, चांगला होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दादूने पाण्याचं विचारलं, बोअर किती खोल ते विचारलं, क्षार किती ते विचारलं. त्या माणसाला फक्त तंबूंचं माहीत होतं. विसाराची रक्कम दादूच्या पिशवीतच राहिली. निघताना त्याने अण्णांना विचारलं, खुंट बदलावा तसं भातात काही असतं का? प्रश्न त्याचा त्यालाच ऐकू आला बहुधा, कारण उत्तर त्यानेच दिलं. असतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्यात टिकणारे भाताचे वाण काढलेत, पनवेल-१, २, ३. मामेभाऊ ते बियाणं लावतो. दादूने त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

नवमीला पहाटे नाशिक सोडलं. भिवंडी, कल्याण, पनवेल करत दुपारी पेणच्या पुढे खारेपाटात गाडी उतरली. बांधावर चाळीसेक माणसं होती. खांडीत मेढी ठोकून झाल्या होत्या, पेंढा आणि काटेरी फांद्या दाबून झाल्या होत्या, आता चिखल चढत होता. ओळ करून उभी असलेली माणसं चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होती. दादूने चपला गाडीत ठेवल्या. मामेभावाने त्याला पाहिलं, काही विचारलं नाही, ओळीत दोन पावलं सरकून जागा केली. पहिला गोळा दादूच्या छातीवरच फुटला. त्याच्यामागे विनू उभा राहिला, ज्याची तिथे इंचभर जमीन नव्हती.

संध्याकाळपर्यंत खांड भरली. अजून ती कच्ची होती. बांध बसेपर्यंत जपायचा, पावसाळ्यात उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, नीट चालवायची, गोड्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन काढायचं, मग कुठे भात. गावकीच्या म्हाताऱ्याने वही काढली. पौर्णिमेच्या उधाणाला नव्या बांधावर रात्री कोण थांबणार, त्याची नावं घ्यायची होती.

"माझं लिहा," दादू म्हणाला.

"एकट्याचं? दोघं लागतात."

दादूने मान वळवली. विनू खाडीच्या पाण्यात हात धूत बोटांवर काहीतरी मोजत होता. "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा," तो म्हणाला. "म्हणजे वरशाहून जेवून निघायचं."

म्हाताऱ्याने दोन्ही नावं लिहून घेतली.