मुलाची कहाणी कोणाची?

कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या काठी, बजबज हे गाव आहे. २९ सप्टेंबर १९१४ रोजी 'कोमागाता मारू' जहाजातून येथे उतरलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला. व्हँकूव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून, अन्नपाण्याचे हाल करून कॅनडाने परत धाडलेले हे लोक. सुमारे वीस प्रवासी मारले गेले. जहाज भाड्याने घेणारे गुरदित्तसिंग निसटले व १९२१ पर्यंत भूमिगत राहिले. या प्रवासात त्यांचा लहानगा मुलगाही होता. सरकारने चौकशी समिती नेमली. परंतु त्या मुलाने काय पाहिले, हे विचारावे असे कोणास वाटले नसावे.

त्याच्याविषयी तर्क करण्याचा आपल्याला अधिकार नाही. आज मात्र आपण उलट टोकाला गेलो आहोत काय? वसतिगृहात नवे मूल आले की अधीक्षकापासून पाहुण्यांपर्यंत सारे विचारतात, "बाळ, काय झालं होतं?" एका दिवसाचा आघात निराळा, ज्याच्या कुशीत विसावायचे, त्याच्याकडूनच वर्षानुवर्षे मार किंवा उपेक्षा वाट्याला येणे निराळे. अशा मुलापाशी पुष्कळदा शब्दच नसतात. दार वाजले तरी त्याचे अंग आक्रसते. त्याला बोलते करणे ही कित्येकदा आपलीच गरज असते, आणि तिला आपण प्रेम म्हणतो!

व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली 'प्ले थेरपी' या ग्रंथात निराळी वाट दाखविली. खोलीत बाहुल्या, वाळू, रंग असावेत. मूल पुढे, मोठा माणूस मागे. घाई नाही, खोदून विचारणे नाही. आवश्यक तेवढ्याच मर्यादा.

म्हणजे खेळणी देऊन मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चौचिला येथे २६ मुलांचे शाळेच्या बसमधून अपहरण झाले. लिनोर टेर यांनी पुढे त्या मुलांचा अभ्यास केला. ती तोच प्रसंग पुनःपुन्हा खेळत. त्यात आनंद नव्हता, सुटकाही नव्हती. शेजारी धीराने बसणारे कोणी लागते.

खरा पेच पुढेच आहे. खेळातून गुन्हा उघडा पडला तर? लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी ती कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा "कुणाला सांगणार नाही" असे वचन मुलाला कधीच देऊ नये. पहिल्याच दिवशी त्याला समजेल असे सांगावे: तुला कोणी इजा करत असेल तर मी गप्प बसणार नाही, बाकी इथे जे खेळशील ते तुझे.