बाकावरचा शेजारी

बदलीचा हुकूम हाती पडला की आम्हां नोकरदारांच्या घरी पहिली चर्चा निघते ती मुलांच्या शाळेची. बिऱ्हाडाचे मागाहून पाहता येते. आधी नव्या गावच्या शाळांचे निकाल विचारले जातात आणि मग, किंचित आवाज उतरवून, ‘तेथे मुले कोणत्या घरची येतात?’ हेही विचारले जाते.

हा दुसरा प्रश्न अगदीच अनाठायी नाही. अमेरिकेत जेम्स कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दिसून आले की, अभ्यासातील यशावर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा आणि वर्गसोबत्यांचा प्रभाव अधिक पडतो. पुढे मायकेल रटर प्रभृतींनी लंडनमधील 12 माध्यमिक शाळांची पाहणी केली. ती 1979 साली ग्रंथरूपाने आली. मुलांची मूळ तयारी जमेस धरूनही शाळाशाळांतील हजेरी, वर्तन व परीक्षेचे निकाल ह्यांत अंतर उरलेच, आणि इमारतीच्या वयावरून त्याचा उलगडा होईना. तास वेळेवर सुरू होतो की नाही, गृहपाठ कोणी तपासतो काय, मुलांवर काही जबाबदारी सोपविली जाते काय, असल्या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींशी त्याचा संबंध आढळला. तरीही तेथे सोबत्यांचा प्रश्न सुटला नाही; वर्गात हुशार मुलांचे प्रमाण बरे असले की इतरांचेही निकाल सुधारत.

येथे मात्र आमचाच युक्तिवाद आमच्यावर उलटतो. सोबत्यांवर मुलाचे घडणे अवलंबून असेल, तर आमचे मूलही कोणाचा तरी सोबतीच आहे. त्याला उचलून ‘चांगल्या’ शाळेत नेताना मागे राहिलेल्या बाकावरून आम्ही काय उचलून नेतो? बदलीच्या नोकरदारांसाठी 1962 साली केंद्रीय विद्यालयांची योजना मंजूर झाली, तीत साहेबाचा व शिपायाचा मुलगा एकाच वर्गात बसणे शक्य झाले. ही गोष्ट एकसारख्या अभ्यासक्रमाहून थोर, असे आम्हांला वाटते. अर्थात, वाटणे निराळे आणि वागणे निराळे.

एका गावी आमच्या मुलाला आम्ही साध्या सरकारी शाळेतून काढले. शेजारी कार्यालयातल्या शिपायाचा मुलगा बसे. तो ह्याला तेथली भाषा शिकवी, हा त्याला गणिते समजावी. दाखला घेऊन परतताना मुलाने एवढेच विचारले, ‘‘आता त्याला गणित कोण सांगणार?’’ आम्ही टांगेवाल्याला घाई करायला सांगितले.